ताडपत्री कोणाच्या अंगावर?

दर डिसेंबरात माझ्या ऑफिसातल्या मंडळींना गाडीत झोपायचे डोहाळे लागतात. कोणी मागची सीट काढून तिथे प्लायवूडचा पलंग बसवतो, कोणी उणे पाच अंशांची स्लीपिंग बॅग मागवतो, कोणी डिझेलवर चालणाऱ्या चिमुकल्या हीटरबद्दल तासभर बोलतो. स्पितीला जाऊन गाडीत दोन रात्री काढून आलं की मग महिनाभर कॅन्टीनमध्ये तीच पारायणं. माझं त्याला काही म्हणणं नाही, ज्याचे पैसे त्याची हौस. पण परवा एकाने विचारलं, "तू झोपलायस का रे कधी थंडीत गाडीत?" म्हटलं, झोपलोय. "कुठे, लेहला?" म्हटलं, नाही, वर्धा जिल्ह्यात. सगळे खो खो हसले. वर्ध्यात कसली आलीये थंडी!

त्यांचंही चुकलं नाही म्हणा. वर्धा म्हटलं की लोकांना एकतर गांधीजी आठवतात नाहीतर मे महिन्यातलं ४५-४६ अंशांचं ऊन. पण ज्या कोरड्या हवेमुळे उन्हाळा तसा भाजतो, तिच्यामुळेच हिवाळ्याची रात्र गारठते. आकाश निरभ्र असलं की जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री सरळ वर निघून जाते, अडवायला ढग नसतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. घरात गोधडीत असाल तर आठ अंश म्हणजे मजा आहे. पत्र्याच्या गाडीत, उघड्यावर, पहाटे चार वाजता आठ अंश म्हणजे काय, ते मी सांगतो. आणि ते सांगून झालं की दुसरं जे सांगायचंय ते सांगतो, कारण खरं भांडण तिथे आहे.

तर झालं असं. जानेवारी २०२५ मध्ये सुट्टी काढून गावी गेलो होतो. मामाचा कापूस विकायला न्यायचा होता. समुद्रपूर तालुक्यातलं गाव, भाड्याची पिकअप, तीत दाबून भरलेला दहा-बारा क्विंटल कापूस, वर जाळी, जाळीवर ताडपत्री. म्हटलं, मीही येतो. दुपारी चारला खरेदीच्या आवारापाशी पोचलो तेव्हा पुढे साठेक गाड्या उभ्या होत्या: ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप, छोटे हत्ती, आणि शेवटी शेवटी चार-पाच बैलबंड्यासुद्धा. (आवाराचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की सगळा राग त्या एका फाटकावर निघतो आणि बाकीची फाटकं सुटतात.) आमच्यापासून काट्यापर्यंतचं अंतर असेल पाचशे मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आमची गाडी काट्यावर चढली. हिशेब करा: पाचशे मीटरला एकोणीस तास. याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर पाच तासांत म्हणून केवढा गाजावाजा होता! माणूस पाच तासांत साईबाबांपर्यंत पोचतो. कापसाला काट्यापर्यंत पोचायला रात्र जाते.

केबिनमध्ये आम्ही तिघं. ड्रायव्हर बसल्या जागी स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला, तो त्याच्या धंद्याचा भाग. मामा आणि मी उरलेल्या सीटवर आलटून पालटून. अकरापर्यंत काही वाटलं नाही. बारानंतर पाय गार पडायला लागले. एकच्या सुमारास काचेला आतून पाणी सुटलं. तीनला ते पाणी दंडावर ठिबकायला लागलं. मी सगळे कपडे अंगावर चढवले होते, तरी दात वाजत होते. मामा मध्येच उतरून गाडीच्या मागे जायचा, ताडपत्रीची टोकं चाचपायचा, दोरी ओढून बघायचा आणि परत यायचा. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा मी वैतागून म्हटलं,

"मामा, ती ताडपत्री काढून अंगावर घ्या ना. वाऱ्याला तेवढाच आडोसा."

"अन् कापसावर काय टाकू? तुही डिग्री?"

मी गप्प. मग तोच जरा नरमून म्हणाला, "अबे, कापूस ओला झाला तं कटौती होते. माणूस ओला झाला तं काई कटौती होत नाई."

ते वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. आज लिहून टाकतो.

आधी ज्याला आज रात्री खरोखरच गाडीत झोपायचं आहे त्याच्या कामाचं. पुढचे सगळे वाद मिटेपर्यंत तो काही कुडकुडत बसणार नाही, बसूही नये. मी त्या रात्री जवळजवळ सगळ्या चुका केल्या. नंतर बसून त्याचं डिबगिंग केलं, ते असं:

१. थंडी खालून येते. आपण पांघरुणावर पांघरूण घालत सुटतो आणि पाठ थेट पत्र्याला. लोखंड उष्णता ओढून नेतं, सुक्या कापसाच्या हजारपट वेगाने. ट्रॉलीत किंवा पिकअपच्या रिकाम्या हौद्यात झोपायचं असेल तर दोन थर खाली, मग एक वर. खाली कुटाराने भरलेली पोती, रिकामा बारदाना, पुठ्ठा, काहीही चालेल, पण कोरडं हवं. केबिनमध्येही पाय पत्र्यावर ठेवू नका, पोत्यावर ठेवा.

२. एक जाड पांघरूण घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ बरी. ऊब कापडात नसते, दोन कापडांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणूनच पायात घट्ट मोजांवर घट्ट मोजे चढवले की पाय आणखी गार पडतात: हवा नाही आणि रक्तही नीट फिरत नाही. झोपताना दिवसभराचे घामट मोजे काढून कोरडे घाला. कानटोपी किंवा मफलर हवाच.

३. काच बोटभर उघडी ठेवा. हे कोणालाच पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. पण झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात साधारण पाव लीटर पाणी हवेत जातं. तिघं असलो तर पाऊण लीटर. काचा बंद असतील तर ते काचेवर आणि छताच्या पत्र्यावर जमतं आणि तुमच्याच पांघरुणावर पडतं. सुती पांघरूण ओलं झालं की त्यातली हवा गेली आणि ऊबही गेली. लोकरीचं घोंगडं ओलसर झालं तरी थोडंफार तग धरतं, आपल्या आज्यांना हे बरोबर कळत होतं. दोन्ही बाजूंच्या काचा बोट-बोट उघड्या ठेवल्या की हवा खेळते. थोडा गारवा येतो, पण आपण कोरडे राहतो. कोरडं राहणं जास्त महत्त्वाचं.

४. शेगडी आत घ्यायची नाही. म्हणजे नाहीच. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की चला, ऊब आली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत दोन ठिकाणी मिळून सहा माणसं बंद खोलीत शेगडी पेटवून झोपली ती उठलीच नाहीत. त्या खोल्या होत्या, गाडीची केबिन तर खोलीच्या दहाव्या हिश्शाचीही नसते. इंजिन चालू ठेवून हीटर लावणं हाही तसलाच प्रकार. सायलेन्सर कुठे गळत असेल, मागे भिंत असेल, तर तोच वायू आत येतो, आणि शिवाय रात्रभरात पाच-सात लीटर डिझेल जाळलं जातं.

५. गरम पाण्याची बाटली. चहाच्या टपरीवाल्याकडून जाड बाटलीत कढत पाणी घ्या, झाकण घट्ट लावा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये किंवा पोटाशी धरा. दोन-तीन तास सहज निघतात. फुकटात होणारा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. झोपायच्या आधी पोटभर जेवा. शेंगदाणे-गूळ जवळ ठेवा, पहाटे उपयोगी पडतात.

६. घोट घोट. हो, तेच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे हा मुद्दा काल्पनिक आहे असं समजून वाचावे :-) दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम वाटतं, आणि त्याच वाटेने आतली ऊब बाहेर जाते. दोन तासांनी दुप्पट थंडी.

एवढं केलंत तर रात्र निघेल. आता भांडण.

हे सगळं ऐकल्यावर शहाणी माणसं पहिला प्रश्न विचारतात: "अरे, पण मागे दहा क्विंटल कापूस होता ना? त्यातच शिरून झोपायचं!" प्रश्न वरवर बिनतोड आहे. सुका मोकळा कापूस उष्णता अडवण्यात थर्माकोलच्या जवळपास जातो. म्हणजे माझा मामा जगातल्या उत्तमातल्या उत्तम रजईला पाठ टेकून बसला होता आणि कुडकुडत होता. का? कारण ती रजई विकायची होती. खरेदीच्या नियमात कापसातल्या ओलाव्याला मोल आहे. ८ टक्के ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव. त्याच्या वर दर टक्क्याला एक टक्का भाव कमी. १२ टक्क्यांच्या वर गेला तर घेतच नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. म्हणजे एका टक्क्याचे ८१ रुपये. बारा क्विंटलला ९७२ रुपये. दोन टक्के ओल चढली तर जवळजवळ दोन हजार. कापूस दमट हवेतली ओल स्वतःहून ओढून घेतो, त्याला पावसाची गरज नाही. पहाटेचं दव त्याला पुरतं. सगळा कापूस ओला होत नाही, वरचा थर होतो, पण हात घालून बघतात तो वरच्याच थरात. आणि आपण वर पाहिलं की झोपलेला माणूस रात्रभरात पाव लीटर पाणी सोडतो. तेव्हा कापसात शिरून झोपणं म्हणजे स्वतःच्या श्वासाने स्वतःचा भाव उतरवणं. शेतात, घरी, माणूस कापसाच्या ढिगावर खुशाल झोपतो. काट्याच्या रांगेत झोपत नाही.

शेकोटी तर सोडाच. कापसाच्या गाड्यांमध्ये बिडीसुद्धा चालत नाही, आणि ते योग्यच आहे. एक ठिणगी आणि सगळी रांग भस्म. म्हणजे बघा, गावात थंडी वाजली की शेकोटी असते, इथे ती नाही. घरी गोधडी असते, इथे ती आणली तरी खाली पत्रा. आणि ताडपत्री एकच, ती मालकीण कापसाची.

दुसरी शहाणी माणसं म्हणतात, "त्यांना सवय असते रे." या वाक्याचा मला भयंकर राग आहे. शरीराला सवय होते म्हणजे नक्की काय होतं? उष्णता वाहून जाण्याचे नियम सातबारा बघून बदलत नाहीत. साठीच्या माणसाचं रक्त थंडीत घट्ट होतं, रक्तदाब वाढतो, मग तो शेतकरी असो की चार्टर्ड अकाउंटंट. सवय फक्त एका गोष्टीची होते, न बोलण्याची. मामाला मी विचारलं होतं, "थंडी वाजत नाही का तुम्हाला?" तर म्हणाला, "वाजते नं बा. सांगू कोणाले?" हे सवयीचं उत्तर झालं का?

तिसरे लोक त्याहून चांगले, पण माझं त्यांच्याशीही पटत नाही. ते ब्लँकेट वाटतात. बॅनर, फोटो, पातळ लाल-निळी ब्लँकेटं. घेणाऱ्याने घ्यावीत, मीही घेतली असती त्या रात्री, खोटं कशाला बोला. वाटणाऱ्याच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण ब्लँकेट वाटलं की असा समज होतो की अडचण थंडीची आहे. थंडी निसर्गाची. निसर्गाला कोण काय करणार? तर मंडळी, अडचण थंडीची नाही. मामाच्या घरी त्या रात्री हीच थंडी होती आणि मामी तीत गाढ झोपली होती. मामाला थंडी वाजली कारण तो रांगेत होता. आणि रांग काही आभाळातून पडत नाही.

रांग का लागते ते जरा बघू. हा जिल्हा कापसाचा. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली तीच मुख्यतः इथला कापूस मुंबईला न्यायला. हिंगणघाटचा कापूस तेव्हा गावाच्या नावाने ओळखला जायचा. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ इथला माणूस हिवाळ्यात कापूस गाडीत भरून बाजाराला जातोय. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, सगळा कापूस सरकारलाच द्यायचा. तेव्हाच्या रांगा आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकल्यात. तीन-तीन दिवस बंडीखाली मुक्काम, बैलांचं कुटार सोबत. पण आजोबा एक गोष्ट सांगायचे: बैल जवळ बांधला की थंडी कमी वाजते. खरं आहे. बैल ही जिवंत शेगडी, माणसाच्या कितीतरी पट उष्णता सोडतो आणि धूर करत नाही. बैलबंडी गेली, पिकअप आली. बाकी सगळं सुधारलं असेल, पण रात्रीच्या मुक्कामाला पिकअप बैलापेक्षा वाईट. पत्रा माणसाची ऊब खातो.

योजना केव्हाच गेली, पण रांगेचं कारण राहिलं, फक्त त्याचं नाव बदललं. बाहेर व्यापाऱ्याचा भाव हमीभावाखाली गेला की सगळेच भारतीय कापूस निगमच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्राकडे वळतात. २०२५ मध्ये तेच झालं. ऑगस्टात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, मग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरचा कापूस स्वस्त. वेचणी नोव्हेंबर-डिसेंबरात जोरात, घरात जागा नाही, वेचणाऱ्या बायांची मजुरी रोख द्यायची, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. सगळ्यांना एकाच महिन्यात विकायचं, आणि काटे तेवढेच.

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. रांगेचं एक गणित असतं, आम्ही सर्व्हरसाठी ते रोज वापरतो. एक काटा दिवसाला साठ गाड्या घेऊ शकतो असं समजा. रोज पन्नास आल्या तर संध्याकाळपर्यंत सगळं मोकळं. रोज साठ आल्या, पण मनाला येईल तेव्हा आल्या, तर रांग कधीच पूर्ण संपत नाही. आणि रोज पासष्ट आल्या तर? लोकांना वाटतं की पाच जास्त म्हणजे पाच गाड्यांचा मुक्काम. तसं नसतं. आज पाच उरल्या, उद्या दहा, परवा पंधरा. बारा दिवसांत साठ गाड्या, म्हणजे पूर्ण एक दिवसाची रांग. त्यानंतर येणारी प्रत्येक गाडी एक रात्र झोपणारच, तिचा ड्रायव्हर कितीही लवकर उठला तरी. दर माणशी थोडीशी ढिलाई, आणि शेवटी आख्खं गाव रस्त्यावर.

याच्यावर उपाय निघालाय असं म्हणतात. सीसीआयने २०२५ मध्ये 'कपास किसान' नावाचं अ‍ॅप काढलं. त्यात नोंदणी करायची आणि विक्रीचा दिवस आधी ठरवून घ्यायचा. अ‍ॅपला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ठरवून येणं हे न ठरवता येण्यापेक्षा हजारपट चांगलं, आणि वरच्या गणिताला हेच औषध आहे. पण माझ्या जातभाईंना, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना, अ‍ॅप आलं की काम संपलं असं वाटतं. मला नाही वाटत. मी अशी दहा वर्षं अ‍ॅपं बनवली आहेत. स्क्रीनवर 'बुकिंग यशस्वी' असं हिरवं अक्षर दाखवणं सगळ्यात सोपं. खरा प्रश्न त्यानंतरचा: बुकिंग असूनही गाडी संध्याकाळी फाटकाबाहेरच उभी राहिली तर नुकसान कोणाचं? आज त्याचं उत्तर आहे, शेतकऱ्याचं. पिकअपवाल्याचं एका रात्रीचं हॉल्टिंग त्याने द्यायचं, दवाची कटौती त्याने सोसायची, आणि थंडीत तोच बसणार. उशिराचा एक पैसाही ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्या खिशातून जात नाही. अशी व्यवस्था कधीच सुधारत नाही, तिला सुधारायची गरजच पडत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. यातल्या एकीलाही नवीन कायदा किंवा कोट्यवधींचं टेंडर लागत नाही.

एक. नुसती तारीख पुरत नाही, वेळ द्या. सकाळी आठ ते दहा, दहा ते बारा, अशी. तिरुपतीला दर्शनाच्या पासावर वेळ छापलेली असते, आणि आपले लोक ती पाळतात. शेगावला गर्दीच्या दिवशीही बारी शिस्तीत सरकते. तेव्हा 'आपल्या लोकांना शिस्त नाही' हे कारण सांगू नका. माणूस आदल्या रात्री येऊन उभा राहतो कारण उशिरा येणाऱ्याचं नुकसान होतं असा त्याचा अनुभव आहे. वेळेवर आलेल्याचा नंबर नक्की लागतो असं दोन आठवडे दिसू द्या, आदल्या रात्री कोणी कुत्रं येणार नाही.

दोन. ओलावा गाडी पोचल्याबरोबर मोजा आणि पावती द्या. मीटर हातात मावतो, पाच मिनिटांचं काम. भाव त्या पावतीवरच्या आकड्यावर. रात्रीतून चढलेली ओल ज्याने थांबवून ठेवलं त्याची. माझ्या मते हे एकच कलम आलं ना, तर रांग निम्मी होईल, कारण दव कोणाच्या खिशाला लागतं ते बदलेल. आणि मामाला ताडपत्री अंगावर घेता येईल.

तीन. बुकिंग असलेली गाडी सूर्यास्तापर्यंत मोकळी झाली नाही तर हॉल्टिंग खरेदी करणाऱ्याने द्यावं. रेल्वेचा वॅगन वेळेत रिकामा केला नाही की व्यापाऱ्याला डॅमरेज लागतं. रेल्वेच्या डब्याच्या वेळेला किंमत आहे, पिकअपच्या वेळेला नाही, हे कसं?

चार. रोज रात्री दहाला फाटकावर आणि अ‍ॅपवर एक आकडा लिहा: आज किती गाड्या मुक्कामी आहेत. किती क्विंटल खरेदी झाली हे सगळे अभिमानाने सांगतात. मला हा दुसरा आकडा हवाय. तो शून्य झाला की ब्लँकेट वाटणाऱ्यांनाही सुट्टी.

कोणी म्हणेल, ग्रेडर कमी आहेत, हमाल कमी आहेत, जिनिंगची क्षमता तेवढीच आहे. मान्य. क्षमता कमी असेल तर कमी वेळा द्या. त्याचा कापूस त्याच्या घरी, छपराखाली, कोरडा थांबेल, आणि तोही मामीने शिवलेल्या गोधडीत थांबेल. 'घरात कापूस ठेवायला जागा नाही' ही अडचण खरी आहे, ती मी वर लिहिलीच आहे. पण घरात जागा नाही म्हणून रस्त्यावर रात्र, हे गोदामाचं उत्तर झालं नाही. तिथे गोदाम पाहिजे, तारण पाहिजे. थांबायचंच असेल तर माणसाने गाडीत का थांबावं?

आणि हो, तोपर्यंतच्या हिवाळ्यांसाठी: बाजार समितीच्या आवारात शेतकरी निवास असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे ते रात्री आठच्या आधी विचारून ठेवा. विचारलं नाही तर कोणी सांगत नाही. मामा वीस वर्षं कापूस विकतोय, त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मला म्हणाला, "गाडी सोडून जाऊ कसा? कापूस कोण पाहीन?" याही प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे: पोचल्याची पावती. माल ताब्यात आला, ओलावा नोंदला, जा, झोप.

सकाळी अकराला काट्यावर चढलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मामाने ताडपत्री काढली, झटकली, वरचा कापूस हाताने उलटा-पालटा केला, ऊन लागू दिलं. मग दोन्ही हात कापसात कोपरापर्यंत घातले आणि तसाच दोन मिनिटं उभा राहिला. मी विचारलं, "काय बघताय? ओल?"

"नाई बा. हात शेकून राह्यलो."

मागच्या आठवड्यात फोनवर बोललो तेव्हा त्याला वरच्या चार मागण्या वाचून दाखवल्या. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, दुसरी तेवढी होते का बघ, बाकीच्या नंतर.